साडेदहाचा कॉल

तो आला तेव्हा त्याला काहीच होत नव्हतं. निदान त्याचं म्हणणं तसं होतं. ‘बायकोने आणलं म्हणून आलोय सर,’ एवढंच तो म्हणाला आणि फोन मांडीवर उलटा ठेवून बसला. वय ४१. शेतमालाच्या शीतगृहांसाठी सॉफ्टवेअर बनवणारी त्याची कंपनी आहे, पाच वर्षांची. २२ माणसं पगारावर आणि मुख्य गुंतवणूकदार कॅलिफोर्नियात. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

‘झोपता कधी?’

‘दीड-पावणेदोन होतात. साडेसहाला उठतो. पण मला पुरतं तेवढं, सवय झालीय.’

रक्तदाब निघाला १६२/१०४. दहा मिनिटं शांत बसवून पुन्हा मोजला, तर १५८/१०२. तीन महिन्यांची सरासरी साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर. मी आकडे वहीत लिहीत असताना त्याची बायको म्हणाली, ‘डॉक्टर, मुलीला शाळेत ‘माझे बाबा’वर पाच ओळी लिहायच्या होत्या. तिने लिहिलंय, माझे बाबा गाडीत बसून बोलतात.’ झालं होतं असं की, घरी कॉल घेतला तर मागून कुकरच्या शिट्ट्या आणि कार्टूनचा आवाज जातो, म्हणून हा गृहस्थ रोज संध्याकाळी खाली पार्किंगमध्ये गाडीत बसून तासभर बोलतो आणि मग वर येतो. मुलगी गॅलरीतून बघत असते.

असे रुग्ण गेल्या काही वर्षांत वाढले आहेत. पूर्वी माझ्याकडे येणारा चाळिशीतला धंदेवाईक माणूस दुकान, वर्कशॉप किंवा गाळा चालवायचा. त्याच्याही डोक्याला ताप असायचाच, पण रात्री शटर खाली ओढलं की निदान एक आवाज व्हायचा, आजचं संपलं असं सांगणारा. लॅपटॉपचं झाकण मिटताना तसा आवाज होत नाही.

झिरोधाचे नितीन कामत यांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये समाजमाध्यमावर लिहिलेली गोष्ट अनेकांना आठवत असेल. साधारण सहा आठवड्यांपूर्वी आपल्याला सौम्य स्ट्रोक येऊन गेला, चेहऱ्याची एक बाजू ओघळली होती, लिहिता-वाचता येत नव्हतं, असं त्यांनी सांगितलं. त्या वेळी ते ४४ वर्षांचे होते, व्यायामाबद्दल प्रसिद्ध. संभाव्य कारणं म्हणून त्यांनी वडिलांचं जाणं, अपुरी झोप, थकवा, शरीरातलं पाणी कमी होणं आणि अति व्यायाम अशी यादी दिली होती. त्यातलं नेमकं कोणतं, हे बाहेरच्या माणसाने ठरवू नये. वर्तमानपत्र वाचून दुसऱ्याच्या आजाराचं निदान करणं हा आपला राष्ट्रीय छंद असला तरी वैद्यकशास्त्रात त्याला किंमत नाही. पण त्या यादीतल्या झोप आणि थकवा या दोन शब्दांमागे बरंच संशोधन उभं आहे, ते मात्र सांगता येतं.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये एकत्रितपणे एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांमध्ये, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, स्ट्रोकची जोखीम सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराने मृत्यू येण्याची जोखीम सुमारे १७ टक्क्यांनी जास्त आढळली. एकट्या २०१६ सालात अशा लांबलेल्या कामाशी जोडता येतील असे ७ लाख ४५ हजार मृत्यू जगभरात झाल्याचा त्यांचा अंदाज आहे. आता ३५ टक्के म्हणजे शंभरातल्या ३५ जणांना स्ट्रोक येतो असं नव्हे. समजा, हजार माणसांत ठरावीक काळात १० जणांना तो येणार असेल, तर जास्त तास काम करणाऱ्या हजारांत तो १३-१४ जणांना येईल. एका माणसासाठी ही वाढ लहान दिसते, पण रक्तदाब आधीच १६२ असेल तर तो माणूस त्या हजारात सरासरीवर उभा नसतो, काठावर उभा असतो.

जास्त तास काम केल्याने शरीरात नेमकं बिघडतं काय? सगळ्यात स्पष्ट धागा रात्रीच्या रक्तदाबाचा आहे. निरोगी माणसाचा रक्तदाब झोपेत दिवसापेक्षा १० ते २० टक्क्यांनी उतरतो. रक्तवाहिन्यांना मिळणारी ही रोजची विश्रांती. झोप तुटक असेल, घोरण्याचा आजार असेल किंवा झोपेपर्यंत डोकं तापलेलं असेल, तर हा उतार कमी होतो किंवा होतच नाही. आमच्या या रुग्णाला आम्ही २४ तास रक्तदाब नोंदवणारं यंत्र दंडाला बांधून घरी पाठवलं. रात्री दोन वाजता, झोपेत असताना, त्याचा दाब जवळजवळ दुपारइतकाच होता. त्याच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर कधी बंदच होत नव्हता.

‘मला पुरतं’ या वाक्याबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण ते मी आठवड्यातून चार वेळा तरी ऐकतो. २००३ मध्ये हान्स व्हॅन डाँगन आणि सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात ४८ निरोगी प्रौढांवर केलेला प्रयोग या क्षेत्रात आजही आधाराला घेतला जातो. वेगवेगळ्या गटांना सलग १४ रात्री आठ, सहा किंवा चार तासच अंथरुणावर राहू दिलं आणि दिवसा त्यांची एकाग्रता, स्मरण यांच्या चाचण्या घेतल्या. आठ तासांहून कमी झोपणाऱ्या गटांची कामगिरी दिवसेंदिवस घसरत गेली. दोन आठवड्यांच्या शेवटी त्यांची अवस्था एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसासारखी झाली. पण गंमत पुढेच आहे. ‘किती झोप येतेय?’ असं विचारल्यावर ते जे सांगत, ते पहिल्या काही दिवसांनंतर फारसं वाढलंच नाही. मेंदू घसरत होता आणि घसरतोय हे कळणारा भागही त्याच्याबरोबर घसरत होता. म्हणजे ‘सवय झाली’ ही भावना खरी असते. सवय झालेली नसते.

आणि स्टार्टअपवाल्याचं भांडवल असतं काय? निर्णय. कुठल्या ग्राहकाच्या मागे जायचं, कोणाला नोकरीवर घ्यायचं, कुठली कल्पना सोडून द्यायची. २०१९ मध्ये गिश, वॅग्नर आणि सहकाऱ्यांनी खुद्द उद्योजकांच्या झोपेवर संशोधन केलं. कमी झोपलेला उद्योजक नव्या कल्पनेचं मोल करताना वरवरच्या साम्यावर भाळतो, खोलवर जुळणी बघायला कमी पडतो, असा त्याचा सूर होता. पिच डेक रंगवायला रात्र जागवली, तर सकाळी तो डेक कोणाला दाखवायचा हे चुकण्याची शक्यता वाढते.

हे सगळं मी त्याला सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ‘मग मी काम कधी करू?’

हा प्रश्न मी सुरुवातीला उडवून लावायचो. आता लावत नाही. त्याला म्हटलं, सात दिवस अर्ध्या-अर्ध्या तासाची नोंद ठेवा, काहीही लपवू नका. पुढच्या भेटीला तो रंगीत एक्सेल शीट घेऊन आला (हे लोक असे असतात). एकूण कामाचे तास ७८. त्यातले तब्बल ३१ तास मीटिंग आणि कॉल. १४ तास व्हॉट्सॲप, ईमेल आणि ‘एक मिनिट आहे का?’ म्हणून केबिनमध्ये डोकावणारी माणसं. प्रवास, हिशेब, जीएसटी, एका ग्राहकाची थकलेली रक्कम मागणं वगैरे. आणि ज्यासाठी कंपनी काढली, तो विचार करण्याचा, सॉफ्टवेअर घडवण्याचा वेळ आठवड्यात ११ तास. तो सगळाच्या सगळा रात्री साडेअकरा ते दीडच्या रकान्यात होता.

अमेरिकेतले प्रोग्रॅमर आणि गुंतवणूकदार पॉल ग्रॅहम यांनी २००९ मध्ये एक छोटा निबंध लिहिला होता. त्यातली मांडणी अशी की, व्यवस्थापकाचा दिवस तासा-तासाच्या खणांत कापलेला असतो, एक खण मीटिंगला दिला की काम झालं. घडवणाऱ्याचं तसं नसतं. कोड लिहिणारा किंवा लेखक यांना सलग अर्धा दिवस लागतो. दुपारी तीनची एक मीटिंग त्याच्या दुपारचे दोन तुकडे करते आणि दोन्ही तुकडे इतके लहान उरतात की कशालाच पुरत नाहीत. संस्थापकाची अडचण ही की, तो एकाच शरीरात दोन्ही माणसं असतो. ग्रॅहम यांनी स्वतःच्या जुन्या कंपनीतल्या दिवसांबद्दलही लिहिलं आहे. रात्रीच्या जेवणापासून पहाटे तीनपर्यंत प्रोग्रॅमिंग, कारण रात्री कोणी अडवायला येत नाही. मग अकरापर्यंत झोप आणि मग संध्याकाळपर्यंत धंद्याची कामं. नीट बघितलं तर ते आठ तास झोपत होते. आमचा रुग्ण ग्रॅहमसारखा रात्री जागत होता, पण मुलीची शाळेची बस सात वाजता असल्याने ग्रॅहमसारखा अकराला उठू शकत नव्हता.

म्हणजे रात्र हा त्याचा हट्ट नव्हता, दिवसाने हाकलल्यावर तो तिथे जाऊन बसला होता. ‘लवकर झोपा’ ही चिठ्ठी त्याला देऊन उपयोग शून्य. औषध दिवसाला द्यायला हवं होतं.

तुकड्यांत कापलेल्या दिवसाचा थकवा वेगळा असतो, यालाही आधार आहे. सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये दाखवलं की, एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळल्यावर मनाचा एक भाग पहिल्याच कामात अडकून राहतो आणि दुसरं काम बिघडतं. त्यांनी याला लक्षाचा गाळ अशा अर्थाचं नाव दिलंय. दिवसात तीस वेळा वळलात तर संध्याकाळी हा गाळ घेऊनच घरी येता. बायको भाजीबद्दल विचारते आणि तुम्ही ‘हो, पाठवतो’ म्हणता.

इथे प्रसिद्ध संस्थापकांच्या दिनचर्येचा विषय निघतोच, कारण असे रुग्ण त्या तोंडपाठ करून आलेले असतात. जॅक डॉर्सी एकाच वेळी ट्विटर आणि स्क्वेअर या दोन कंपन्या बघत असताना प्रत्येक वाराला एक विषय देत असत. सोमवारी व्यवस्थापन, मंगळवारी उत्पादन, बुधवारी मार्केटिंग असं. जेफ बेझोस यांनी २०१८ मध्ये एका जाहीर मुलाखतीत सांगितलं की, ते आठ तास झोपतात, सकाळ रमतगमत घालवतात, डोकं लागणारी मीटिंग दहाला ठेवतात आणि संध्याकाळी पाचनंतर अवघड प्रश्न दुसऱ्या दिवसावर ढकलतात. ऐकायला छान. पण हे २०१८ चे बेझोस. सुरुवातीच्या काळात हेच बेझोस सहकाऱ्यांबरोबर जमिनीवर गुडघे टेकून पुस्तकांची खोकी बांधत होते, हेही त्यांनीच सांगितलेलं आहे. दोन महिन्यांच्या पगाराएवढेच पैसे बँकेत असलेल्या माणसाने ‘सकाळ रमतगमत घालवावी’ हा सल्ला त्याला चिडवल्यासारखा वाटतो. पहाटे चारला उठणाऱ्यांच्या याद्या तर मी वाचतच नाही. चारला उठून कंपनी बुडालेल्यांची मुलाखत कोणी घेत नाही, त्यामुळे उठण्याचा आणि यशाचा संबंध काय ते त्या यादीतून कळूच शकत नाही. शिवाय पहाटेचा पक्षी की रात्रीचा, हे काही अंशी आनुवंशिक असतं.

दुसऱ्या टोकाला इलॉन मस्क. ऑगस्ट २०१८ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सला दिलेल्या मुलाखतीत त्यांनी आठवड्याला १२० तासांपर्यंत काम केल्याचं, सत्तेचाळिसावा वाढदिवस कारखान्यात काढल्याचं आणि झोपेसाठी गोळी घ्यावी लागत असल्याचं सांगितलं. २००७ मध्ये अतिश्रमाने कोसळून गालाचं हाड मोडून घेतलेल्या उद्योजिका आरियाना हफिंग्टन यांनी त्यांना उघड पत्र लिहून जरा थांबायला सुचवलं. मस्क यांचं उत्तर रात्री अडीचच्या सुमारास आलं, नुकताच कारखान्यातून घरी आलोय, तुम्हाला वाटतं तसा पर्याय मला नाही. त्या उत्तराची वेळच मला उत्तरापेक्षा बोलकी वाटते. आपल्याकडे नारायण मूर्ती यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं असं म्हटल्यावर महिनाभर वाद चालला. त्या वादात एक गोष्ट सुटली. नोकरदाराने किती तास काम करावं यावर सगळे बोलले, मालक स्वतःला किती राबवतो यावर कोणी बोललं नाही.

नोकरदाराच्या पाठीशी निदान इतिहास आहे. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे, १० जून १८९० रोजी. १९४८ च्या कारखाना कायद्याने कामगाराचा आठवडा ४८ तासांवर बांधला. जपानमध्ये तर अतिश्रमाने येणाऱ्या मृत्यूला ‘करोशी’ असा स्वतंत्र शब्द आहे आणि स्ट्रोक किंवा हृदयविकाराआधीच्या महिन्यात १०० तासांहून अधिक जादा काम झालं असेल तर भरपाईसाठी तो कामाशी जोडला जाऊ शकतो. संस्थापकाने स्वतःविरुद्ध कुठे दाद मागायची?

मनाचा भाग राहिला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या मायकल फ्रीमन यांनी २०१५ मध्ये २४२ उद्योजकांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यातल्या ४९ टक्क्यांनी आयुष्यात कधी ना कधी मानसिक आजार झाल्याचं सांगितलं, ३० टक्क्यांनी नैराश्य. तुलनेच्या गटापेक्षा हे प्रमाण जास्त होतं. ही माहिती त्यांनी स्वतः सांगितलेली, नमुना लहान, त्यामुळे उद्योगाने आजार येतो की तशा स्वभावाची माणसं उद्योगाकडे वळतात, हे त्यावरून ठरत नाही. पण डॉक्टर म्हणून मला एवढं कळतं की, अशा माणसाला ‘झोप लागते का?’ या प्रश्नाबरोबर ‘सगळं सोडून द्यावंसं वाटतं का?’ हेही विचारायला हवं. मी विचारलं. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, ‘दर महिन्याच्या २५ तारखेपासून पगार होईपर्यंत.’ बायको त्याच्याकडे बघत राहिली. बहुधा तिने हे पहिल्यांदा ऐकलं असावं. त्या दिवशी मी त्याला मानसोपचार करणाऱ्या सहकाऱ्याकडे चिठ्ठी दिली आणि तो गेला, याचं श्रेय तिचं.

कामातून मन सुटणं यावर जर्मनीतल्या मानसशास्त्रज्ञ झाबिने झोनेनटाग यांचं बरंच काम आहे. ज्या दिवशी ताण सगळ्यात जास्त, त्या दिवशी मन मोकळं होण्याची गरजही जास्त आणि नेमकं त्याच दिवशी ते जमत नाही, हा त्यांनी दाखवलेला विरोधाभास. मात्र घरी आल्यावर कामाचा विचार आला की वाईटच, असंही नाही. संशोधक त्यात दोन प्रकार मानतात. चालता चालता एखाद्या अडचणीचं उत्तर शोधणं निराळं आणि ‘त्या गुंतवणूकदाराने असं का म्हटलं असेल’ हे उष्टं वाक्य पुन्हा पुन्हा चघळणं निराळं. झोप उडते ती मुख्यतः दुसऱ्याने. अंघोळ करताना सुचलेली कल्पना कोणी थांबवायला सांगत नाही.

मग आम्ही काय केलं? औषध सुरू केलं, ते आधी सांगतो, नाहीतर वाचक म्हणतील वेळापत्रकाने रक्तदाब बरा होतो. १६२ वर गोळी लागते. दुपारी चारनंतरची कॉफी बंद केली, कारण पोटात गेलेल्या कॅफीनपैकी निम्मं पाच-एक तासांनीही रक्तात असतं. घोरण्याची तपासणी केली, ती सुदैवाने ठीक निघाली. आणि एक्सेल शीट मधोमध ठेवून तिघं बसलो. मंगळवार आणि गुरुवारची सकाळ, नऊ ते एक, त्याची एकट्याची. त्या वेळात ऑफिसला जायचं नाही, बालेवाडीच्या एका वाचनालयात बसायचं, फोन बॅगेत. टीमचे ‘एक मिनिट’ दुपारी साडेतीनच्या एका तासात. पार्किंगमधला कॉल ऑफिसातूनच संपवून निघायचं, मग घरी अर्धा तास उशीर झाला तरी चालेल. झिरोधाने संध्याकाळी सहानंतर कामाचे चॅट बंद ठेवण्याचा नियम केला होता, तो त्याने आपल्याकडे लावून बघितला. आठवड्यात मोडला, मग आठ वाजताचा केला, तो टिकलाय.

राहता राहिला रात्री साडेदहाचा कॅलिफोर्नियाचा कॉल, आठवड्यातून तीन वेळा. तिथले सकाळचे दहा म्हणजे आपले उन्हाळ्यात साडेदहा आणि हिवाळ्यात साडेअकरा. कॉल संपेपर्यंत बारा, डोकं थंड होईपर्यंत एक.

‘दुसरी वेळ मागून बघितली?’

‘नाही.’

‘का?’

‘गुंतवणूकदार आहेत, सर. त्यांना कसं सांगणार?’

त्याने ईमेल लिहायला तीन आठवडे घेतले. उत्तर यायला वीस मिनिटं लागली. आपल्या सकाळी सातला त्यांची संध्याकाळ असते, आठवड्यात दोन कॉल तेव्हा चालतील, एक मात्र त्यांच्या पूर्ण टीमसोबत असल्याने रात्रीच ठेवावा लागेल, असं त्यांनी कळवलं होतं.

जाता जाता एक आवश्यक गोष्ट, कारण चाळिशीतले वाचक हे वाचत असतील. चेहरा एका बाजूला ओघळणं, एक हात वर न राहणं, बोबडी वळणं, अचानक तोल जाणं किंवा दिसेनासं होणं, यातलं काहीही झालं तर ‘मीटिंग संपल्यावर बघू’ म्हणू नका. रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात पोहोचण्यातच त्यातला मोठा वेळ जातो. पाच मिनिटांत आपोआप बरं वाटलं तरी जायचंच.

चार महिन्यांनी तो परत आला, या वेळी एकटा. रक्तदाब १३४/८६, गोळ्या चालू. झोप सहा-सव्वासहा तास, म्हणजे अजून कमीच. आठवड्याचे कामाचे तास ७८ वरून ६६ वर आलेत, तेही मला पटण्यासारखे नाहीत आणि ते मी त्याला सांगितलं. पैशांची पुढची फेरी अडकली आहे, दोन माणसांना कमी करावं लागलं, त्या आठवड्यात तो पुन्हा दीडपर्यंत जागा होता. पण २५ तारखेबद्दल त्याने आता बायकोला सांगायला सुरुवात केली आहे. तीही हिशेब बघते.

साडेदहाचा कॉल बुधवारी असतो. बुधवारी मुलीला गोष्ट आई सांगते. बाकीचे सहा दिवस त्याची पाळी आहे, आणि त्याची तक्रार अशी की, गोष्ट संपायच्या आधी बऱ्याचदा तोच झोपून जातो.